इंग्रजी व्याकरण आणि उताऱ्याचे आकलन : प्रश्न विचारण्याचा अभ्यास

आपल्या समाजातील बहुसंख्य मुलेमुली आजही मराठी माध्यमाच्या शाळांतून शिकून पुढे येतात. महाराष्ट्रात सन २००० पासून इंग्रजी हा विषय इयत्ता पहिलीपासूनच शिकविला जातो. म्हणजे दहावीपर्यंत दहा वर्षे तो विद्यार्थ्याच्या सोबत असतो. तरीही महाविद्यालयात गेल्यावर न वाचलेला इंग्रजी उतारा समोर आला की अनेकांचा हात थबकतो. व्याकरणाचे नियम पाठ असतात, शब्दांचे अर्थही थोडेफार माहीत असतात; पण वाक्य नेमके काय म्हणते ते उमगत नाही.

पुढे स्पर्धा परीक्षांची तयारी सुरू झाली की हीच अडचण मोठी होऊन उभी राहते. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा मुख्य परीक्षेत इंग्रजीचा ३०० गुणांचा पात्रता पेपर असतो. त्याचे गुण अंतिम यादीत धरले जात नाहीत. परंतु त्यात किमान २५ टक्के गुण मिळाले नाहीत तर त्या विद्यार्थ्याचे इतर पेपर विचारातच घेतले जात नाहीत. वर्षानुवर्षांची मेहनत एका उताऱ्यापाशी अडते. म्हणून प्रस्तुत लेखात आम्ही व्याकरण आणि आकलन यांचा एकत्र अभ्यास कसा करावा, याची एक साधी पद्धत मांडीत आहोत.

एक सूचना. या लेखात इंग्रजी वाक्ये मुद्दाम देवनागरीत दिली आहेत. प्रत्येक वाक्य वहीत इंग्रजी लिपीत, अचूक स्पेलिंगसह लिहून काढणे हा विद्यार्थ्यांचा पहिला स्वाध्याय समजावा. स्पेलिंगची शंका आल्यास शब्दकोश पाहावा.

आपल्या शहराने दिलेला धडा

परमपूज्य बाबासाहेबांनी १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटीची स्थापना केली, आणि १९५० साली औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, महाविद्यालय सुरू केले. त्याच्या इमारतीची कोनशिला १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते बसविण्यात आली. पुढे या महाविद्यालयास 'मिलिंद' हे नाव मिळाले आणि परिसर 'नागसेनवन' म्हणून ओळखला जाऊ लागला. ही नावे आपण रोज घेतो; पण त्यांत अभ्यासाची एक पद्धत दडलेली आहे, याकडे आपले लक्ष क्वचितच जाते.

मिलिंद म्हणजे इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातील ग्रीक वंशाचा राजा मिनँडर. भदंत नागसेन यांना त्याने विचारलेले प्रश्न आणि त्यांना मिळालेली उत्तरे 'मिलिंद पञ्ह' या पाली ग्रंथात आहेत. राजा ऐकून गप्प बसत नाही. तो विचारतो, शंका काढतो, उपमा मागतो आणि समाधान झाल्यावरच पुढे जातो. उतारा वाचणाऱ्या विद्यार्थ्यानेही नेमके हेच करावयाचे असते. उतारा हा आपला नागसेन आणि आपण मिलिंद. जो वाचताना प्रश्न विचारीत नाही, त्याच्या डोळ्यांखालून अक्षरे जातात, अर्थ जात नाही.

याच ग्रंथात रथाचा प्रसिद्ध दृष्टान्त आहे. चाक म्हणजे रथ काय? आस म्हणजे रथ काय? जू म्हणजे रथ काय? यांपैकी एकही वस्तू एकटी रथ नव्हे. ती विशिष्ट रीतीने जोडली म्हणजे त्या जोडणीला 'रथ' हे नाव मिळते. नागसेनांनी हा दृष्टान्त अनात्मवाद समजावून देण्यासाठी योजिला. भाषेच्या अभ्यासात आपल्याला त्याचा एवढाच उपयोग करून घ्यावयाचा आहे, की वाक्यही असेच असते. सुटे शब्द म्हणजे वाक्य नव्हे. शब्दांच्या जोडणीतून अर्थ निघतो, आणि जोडणीच्या शास्त्रालाच व्याकरण म्हणतात.

मराठी जोडणी आणि इंग्रजी जोडणी

पुष्कळ चुका इंग्रजी येत नाही म्हणून होत नाहीत. मराठीची जोडणी इंग्रजीवर बसविल्यामुळे होतात. म्हणून दोन्ही भाषा शेजारी ठेवून पाहिल्या पाहिजेत. जुन्या पिढीने तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेतून इंग्रजी शिकली, तिचे तत्त्वही भाषांतराचेच होते. पुढील सहा फरक विद्यार्थ्यांनी नीट समजून घ्यावेत.

१) शब्दांची जागा. 'गौतमने सुजाताला पुस्तक दिले' आणि 'सुजाताला गौतमने पुस्तक दिले' या दोन्ही वाक्यांचा अर्थ एकच. 'ने' आणि 'ला' हे प्रत्यय शब्दाला चिकटलेले असल्यामुळे शब्द कोठेही नेला तरी देणारा व घेणारा कळतो. इंग्रजीत तसे नाही. 'गौतम गेव्ह सुजाता अ बुक' म्हटले तर देणारा गौतम. 'सुजाता गेव्ह गौतम अ बुक' म्हटले तर देणारी सुजाता. मराठीत प्रत्यय जे काम करतात ते इंग्रजीत जागा करते. त्यातही मराठीत क्रियापद बहुधा शेवटी येते, तर इंग्रजीत कर्त्यापाठोपाठ. म्हणून इंग्रजी वाक्य वाचताना प्रथम कर्ता व क्रियापद शोधावे, बाकीचे नंतर.

२) 'मला'ची वाक्ये. 'मला भूक लागली', 'मला दोन भाऊ आहेत', 'मला इंग्रजी येते' अशी वाक्ये मराठीत विपुल आहेत. इंग्रजीत या तिन्ही ठिकाणी 'आय' हाच कर्ता होतो, पण क्रियापदे वेगवेगळी येतात : 'आय ॲम हंग्री', 'आय हॅव टू ब्रदर्स', 'आय नो इंग्लिश'. येथे शब्दाला शब्द ठेवून चालत नाही. पूर्ण वाक्यच लक्षात ठेवावे लागते. 'आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स' ही चूक सर्रास होते, ती टाळावी.

३) भूतकाळ. 'मुलाने पोळी खाल्ली', 'मुलीने आंबा खाल्ला'. येथे क्रियापद कर्त्याप्रमाणे नव्हे, कर्माप्रमाणे बदलते. इंग्रजीत 'एट' हे रूप मुलगा, मुलगी, पोळी, आंबा यांपैकी कोणासाठीही बदलत नाही. या बाबतीत इंग्रजी मराठीपेक्षा सोपी आहे, हे विद्यार्थ्यांना सांगितले म्हणजे त्यांची भीती थोडी ओसरते.

४) 'पासून'चे दोन भाग. 'मी २०२२ पासून येथे राहतो' आणि 'मी दोन वर्षांपासून येथे राहतो' या दोन्ही ठिकाणी मराठीत 'पासून' येते. इंग्रजीत सुरुवातीचा क्षण सांगावयाचा असेल तर 'सिन्स' आणि मधला कालावधी सांगावयाचा असेल तर 'फॉर' : 'आय हॅव लिव्ह्ड हिअर सिन्स २०२२', 'आय हॅव लिव्ह्ड हिअर फॉर टू इयर्स'. मराठीतील 'राहतो' हा वर्तमानकाळ येथे चालत नाही, हेही ध्यानात घ्यावे.

५) प्रश्न आणि नकार. मराठीत वाक्याला 'का' जोडला की प्रश्न होतो. इंग्रजीत 'डू', 'डझ', 'डिड' यांचे साहाय्य घ्यावे लागते. भूतकाळ एकदा 'डिड'ने दाखविला की मुख्य क्रियापद मूळ रूपात येते. 'डिड ही गो?' हे बरोबर, 'डिड ही वेन्ट?' हे चूक. काळाचे ओझे एकाच खांद्यावर द्यावे, दोन्हींवर नव्हे.

६) 'अ' आणि 'द'. मराठीत यांना नेमका प्रतिशब्द नाही. तथापि गोष्ट सांगताना आपण म्हणतो, 'एक राजा होता. तो राजा फार विद्वान होता.' पहिल्या वाक्यातील 'एक' म्हणजे 'अ', दुसऱ्यातील 'तो' म्हणजे 'द'. ऐकणाऱ्याला वस्तू नवी असेल तर 'अ', कोणती ते त्याला ठाऊक असेल तर 'द'. सर्व नियम यात येत नाहीत, पण निम्म्याहून अधिक शंका एवढ्याने सुटतात.

लहान शब्दांचे मोठे सामर्थ्य

उतारा वाचताना विद्यार्थी अवघड, लांब शब्दांना घाबरतात. प्रत्यक्षात घात होतो तो लहान शब्दांमुळे. 'नॉट', 'ओन्ली', 'अनलेस', 'बट', 'ऑर', 'मे', 'शाल' हे शब्द डोळ्यांसमोरून निसटतात आणि अर्थ उलटा होतो.

शिष्यवृत्तीच्या सूचनेत असे वाक्य असू शकते : 'द फॉर्म विल नॉट बी ॲक्सेप्टेड अनलेस द इन्कम सर्टिफिकेट इज अटॅच्ड'. 'अनलेस'चा अर्थ 'जोडले नाही तर'. हा शब्द ज्याला कळला नाही तो दाखल्याशिवाय फॉर्म देऊन येतो आणि त्याचे वर्ष वाया जाते. नियमांत 'शाल' असेल तर ती गोष्ट बंधनकारक, 'मे' असेल तर ऐच्छिक, असा सर्वसाधारण अर्थ घ्यावा.

आपल्या इतिहासातीलच एक उदाहरण पाहू. १९५० च्या अनुसूचित जाती आदेशात एक इंग्रजी वाक्य आहे. त्याची रचना दुहेरी नकाराची आहे : अमुक धर्माहून वेगळा धर्म मानणारी कोणतीही व्यक्ती अनुसूचित जातीची समजली जाणार नाही. सुरुवातीस तेथे केवळ हिंदू धर्माचे नाव होते. १९५६ साली शीख धर्माचा उल्लेख झाला. बौद्धांचा उल्लेख येण्यास १९९० साल उजाडावे लागले. वाक्याचा सांगाडा तोच राहिला. 'बुद्धिस्ट' हा एक शब्द तेथे आला आणि धम्मदीक्षा घेतलेल्या कुटुंबांना केंद्रीय पातळीवर अनुसूचित जातीचा दर्जा मिळाला. एका शब्दासाठी चौतीस वर्षांची वाट आणि चळवळ! व्याकरण ही केवळ परीक्षेपुरती बाब नाही, हे यावरून स्पष्ट व्हावे.

सरावासाठी उतारा

आता पुढील उतारा तीन वेळा वाचावा. पहिल्या वाचनात विषय कोणता एवढेच पाहावे. दुसऱ्या वाचनात प्रत्येक वाक्यातील कर्ता व क्रियापद यांखाली रेघ ओढावी. तिसरे वाचन प्रश्न वाचून झाल्यावर करावे.

'बिफोर १९४८, मराठवाडा वॉज अ पार्ट ऑफ हैदराबाद स्टेट. हायर एज्युकेशन इन द स्टेट वॉज मेनली इन उर्दू. पुअर स्टुडंट्स फ्रॉम द व्हिलेजेस कुड नॉट ईझिली गो टू कॉलेज. इन १९५०, डॉक्टर आंबेडकर, हू हॅड फाउंडेड द पीपल्स एज्युकेशन सोसायटी, ओपन्ड अ कॉलेज इन औरंगाबाद. इट वॉज लेटर नेम्ड आफ्टर किंग मिलिंद. द किंग आस्क्ड मेनी क्वेश्चन्स, अँड द मंक नागसेन आन्सर्ड देम.'

प्रश्न :
१. महाविद्यालय कोणत्या वर्षी सुरू झाले?
२. आधी संस्था स्थापन झाली की आधी महाविद्यालय सुरू झाले? हे कोणत्या शब्दांवरून कळते?
३. 'इट' आणि 'देम' हे शब्द कशासाठी आले आहेत?
४. चूक की बरोबर : १९४८ पूर्वी खेड्यातील एकही गरीब विद्यार्थी महाविद्यालयात गेला नाही, असे उतारा सांगतो.
५. महाविद्यालयास हे नाव का दिले असावे?

उत्तरे आणि त्यांमागील विचार :

पहिल्या प्रश्नाचे उत्तर उताऱ्यात उघड लिहिले आहे. ते फक्त उचलून घ्यावयाचे. दुसऱ्यात उत्तर व्याकरणात लपले आहे. 'हॅड फाउंडेड' हे रूप 'ओपन्ड'च्या आधी घडून गेलेली क्रिया दाखविते. म्हणून संस्था आधी, महाविद्यालय नंतर. साल न देताही काळाच्या रूपाने क्रम सांगितला. तिसऱ्यात सर्वनामे आहेत : 'इट' म्हणजे महाविद्यालय, 'देम' म्हणजे प्रश्न. सर्वनाम दिसले की थांबून 'कोण?' किंवा 'काय?' असे विचारावे. चौथे विधान चूक आहे. उतारा 'ईझिली' म्हणतो, म्हणजे सहज जाता येत नसे. कोणीच गेले नाही असे तो म्हणत नाही. 'मेनली' या शब्दाचेही तसेच. मुख्यतः म्हणजे संपूर्णपणे नव्हे. आपल्याला आधीपासून जे वाटते ते उताऱ्याच्या तोंडी घालणे, ही आकलनातील सर्वांत मोठी चूक होय. पाचव्या प्रश्नाचे उत्तर उताऱ्यात थेट नाही. शेवटच्या वाक्यावरून अनुमान काढावे लागते, की प्रश्न विचारणाऱ्या जिज्ञासू वृत्तीचा आदर्श विद्यार्थ्यांपुढे राहावा. अनुमान लिहिताना आधार कोणत्या वाक्याचा, हे दाखविता आले पाहिजे.

याप्रमाणे प्रश्नांचे तीन प्रकार होतात : उचलून घेण्याचे, जोडून पाहण्याचे आणि अनुमानाचे. प्रश्नपत्रिका हाती आल्यावर कोणता प्रश्न कोणत्या प्रकारचा, हे प्रथम ओळखावे. निम्मे काम तेथेच होते.

संविधानाची उद्देशिका : एक वाक्य

आता थोडा वरच्या पायरीचा सराव. आपल्या संविधानाची उद्देशिका मूळ इंग्रजीत समोर घ्यावी. ऐंशीच्या आसपास शब्दांचे ते एकच वाक्य आहे. ते पाहून पदवीधरही गोंधळतात. आपण मात्र आपली पद्धत सोडू नये. कर्ता कोण? पहिलाच शब्द, 'वुई'. मुख्य क्रियापद कोणते? पुष्कळजण 'हॅविंग रिझॉल्व्ह्ड'कडे बोट दाखवितात. पण तो मराठीतील 'निर्धार करून' आहे. 'करून' म्हटले की पुढे काहीतरी केल्याचे यावयाचे असते. खरी क्रियापदे शेवटाकडे आहेत : 'ॲडॉप्ट', 'एनॅक्ट' आणि 'गिव्ह'. काय दिले? संविधान. कोणाला दिले? 'अवरसेल्व्ह्ज', स्वतःलाच. केव्हा? २६ नोव्हेंबर १९४९ रोजी.

म्हणजे देणारे लोक आणि घेणारेही लोकच. राजाने प्रजेला दिलेली ही देणगी नव्हे. एवढा मोठा विचार केवळ कर्ता, क्रियापद आणि कर्म शोधल्याने हाती येतो. मध्ये जे न्याय, स्वातंत्र्य, समता आणि बंधुता हे शब्द आहेत, ते कशासाठी निर्धार केला ते सांगतात.

स्वाध्याय म्हणून कलम १७ मूळ इंग्रजीत काढावे आणि त्यातील क्रियापदे लिहावीत. अस्पृश्यता नष्ट करण्याविषयी तेथे भविष्यकाळ योजिला आहे की वर्तमानकाळ? तसे का, याचे उत्तर पाच ओळींत लिहावे.

रोजचा अर्धा तास

पाली परंपरेत प्रज्ञेचे तीन प्रकार सांगितले आहेत : सुतमय, चिंतामय आणि भावनामय, म्हणजे ऐकून येणारी, विचार करून येणारी आणि प्रत्यक्ष साधनेने येणारी. भाषेच्या अभ्यासालाही हाच क्रम लावता येतो. रोज दहा मिनिटे कोणीतरी इंग्रजी उतारा मोठ्याने वाचावा व इतरांनी ऐकावा. पुढील दहा मिनिटे कर्ता, क्रियापद, सर्वनामे आणि लहान शब्द शोधून प्रत्येक वाक्याचा अर्थ मराठीत सांगावा. शेवटची दहा मिनिटे उतारा झाकून त्यावर स्वतःची पाच इंग्रजी वाक्ये लिहावीत. ज्याने केवळ ऐकले तो विसरतो. ज्याने लिहिले त्याच्याजवळ ते राहते.

हा वर्ग विहारात भरविता येईल. खर्च काही नाही. एक इंग्रजी वृत्तपत्र, एक शब्दकोश आणि एक फळा एवढे पुरे. मोठ्या वर्गातील विद्यार्थ्यांनी लहानांना शिकवावे. शिकविताना आपल्यालाही अधिक कळते.

मात्र एक पथ्य पाळावे. खेड्यातून आलेली अनेक मुले हुशार असूनही बोलत नाहीत, कारण चुकलो तर हसतील अशी धास्ती असते. 'मिलिंद पञ्ह'मध्ये चर्चेच्या आरंभीच नागसेन विचारतात, की राजा पंडितांप्रमाणे चर्चा करणार की राजांप्रमाणे? पंडितांच्या चर्चेत चूक दाखविली जाते, दुरुस्त केली जाते, पण कोणी रागावत नाही. राजे मात्र विरोध करणाऱ्यास शिक्षा करतात. मिलिंद पंडितांप्रमाणे चर्चा करण्याचे मान्य करतो आणि मगच संवाद सुरू होतो. आपल्या अभ्यासवर्गाचा पहिला नियमही हाच असावा : चूक दाखवावी, हसू नये.

समारोप

इंग्रजी शिकणे म्हणजे मराठी सोडणे, असा गैरसमज कोणी करून घेऊ नये. बाबासाहेबांनी 'मूकनायक' १९२० साली आणि 'बहिष्कृत भारत' १९२७ साली मराठीतच काढले. त्याच काळात, १९२३ साली, रुपयाच्या प्रश्नावरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. आपल्या माणसांशी आपल्या भाषेत आणि जगाशी जगाच्या भाषेत बोलण्याचा हा आदर्श आपल्यापुढे आहे. क्रांतिज्योती सावित्रीबाईंनीही १८५४ सालच्या 'काव्यफुले' या मराठी संग्रहातून इंग्रजी शिकण्याचा आग्रह धरला होता.

ज्या कागदावर आपले हक्क लिहिलेले आहेत तो कागद दुसऱ्याकडून वाचून घेण्याची पाळी आपल्या मुलांवर येऊ नये, एवढीच आमची तळमळ आहे. तेव्हा विद्यार्थीमित्रांनो, आज रात्री एक उतारा घ्या, कर्ता शोधा, क्रियापद शोधा आणि प्रश्न विचारा. नागसेनवनाच्या गावात राहून मिलिंदाचा वारसा चालविण्याचा हा मार्ग आहे.

भवतु सब्ब मंगलं. जय भीम!